साक्षीदार बाईचा सत्कार

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरी कोणी विषय काढला की मी चहाचं विचारायचो. कट्ट्यावर निघाला तर घड्याळ बघून उठायचो. मुलीने एकदा फोनवर सरळच विचारलं, बाबा, तेव्हा नक्की काय झालं होतं? मी म्हटलं, आईला विचार. तिच्या आईला विचारणं माझ्या सोयीचं होतं, कारण मला वाचवणारं उत्तर तिच्याकडे तयार असायचं. आता ती नाही. उत्तर मलाच द्यायला हवं.

ठाणे पूर्वेच्या कोपरीतल्या ज्या महिला मंडळात माझी पत्नी स्वयंसेवक म्हणून काम करायची, तिथे आजही असं धरून चालतात की तिच्या हलगर्जीपणामुळे एका बाईचा संसार विस्कटला. एक गोष्ट गुप्त ठेवायची आहे हे नवऱ्याला सांगायचं ती विसरली, आणि नवरा भाबडेपणाने माइकवर बोलून गेला, अशी ती गोष्ट आहे. ती खोटी आहे. पत्नीने मला सांगितलं होतं. आमच्या डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, भाजी वाढता वाढता सांगितलं होतं, आणि मला नीट ऐकू आलं होतं.

मी विमा कंपनीच्या ठाण्याच्या कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिची निवृत्ती माझ्या मागोमाग आली. आता सकाळी एकत्र फिरायला जाऊ, दुपारी ती काहीतरी वाचेल, मी काहीतरी वाचेन, अशी माझी कल्पना होती. तिने ती कल्पना कधी ऐकूनही घेतली नाही. शाळेतली एक जुनी सहकारी तिला कोपरीला घेऊन गेली आणि ती तिथली होऊन गेली.

मंडळ म्हणजे स्टेशनाजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मंडळ चालवायच्या ठाण्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई. मी त्यांना वकीलबाई म्हणेन. बाकी एक निवृत्त नर्स, दोनतीन गृहिणी आणि आमची ही. परदेशात दर काही वर्षांनी एक मोठी बैठक भरते. तिथे प्रत्येक देशाचं सरकार आपल्याकडच्या स्त्रियांची स्थिती कशी आहे याचा अहवाल मांडतं. सरकारी अहवाल कसे असतात ते मला ठाऊक आहे, जन्मभर तसलेच लिहिले. या बायका त्याच बैठकीसाठी आपला वेगळा अहवाल करायच्या. सरकारच्या कागदावर न आलेलं सांगणारा. डोंबिवली, अंबरनाथ, भिवंडी असं फिरून कामावरच्या बायकांशी बोलायचं, ते लिहून काढायचं, आणि जमलं तर जिनिव्हाला जाऊन त्या बैठकीसमोर वाचायचं.

मला हे अजिबात आवडलं नाही. तेव्हा मी त्याला तात्त्विक विरोध म्हणायचो. आपल्या घरातलं धुणं परदेशात नेऊन का धुवायचं, इथे कोर्टं नाहीत का, पोलीस नाहीत का, असं बोलायचो. खरं कारण बरंच लहान होतं. संध्याकाळी मी घरी एकटा असायचो आणि दुपारची आमटी गरम करून खायचो.

देवळामागच्या कट्ट्यावर आम्ही सातआठ निवृत्त लोक रोज बसतो. तिथे माझी यथेच्छ चेष्टा व्हायची. एक निवृत्त इंजिनिअर होते, ते मला पाहिलं की म्हणायचे, "या. आज डबा कोणी भरला? जिनिव्हाने?" दुसरे विचारायचे, "वहिनींच्या अहवालात तुम्ही कितव्या पानावर आहात?" मी हसायचो. हसून घरी आलो की पत्नीला टोचून बोलायचो. कुकर उशिरा लावला तर, आता हे कोणत्या कलमाखाली येतं, असं विचारायचो. ती सुरुवातीला उत्तर द्यायची. नंतर तिने उत्तर देणं बंद केलं, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

एकदा मात्र मी मदत करायला गेलो होतो, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या अहवालाचं इंग्रजी कच्चं असणार असं मला वाटलं. मी होऊन म्हटलं, द्या, मी नीट करून देतो. पत्नीने एका साक्षीचं पान दिलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रंगाच्या पावडरीची पाकिटं भरणाऱ्या ठेक्यावरच्या बायका होत्या. संध्याकाळी सुटताना गेटवर त्यांची झडती व्हायची. माल चोरून नेतात म्हणून. झडती पुरुष घ्यायचे, हाताने, रोज. भिंतीवर तक्रार समितीचा बोर्ड होता आणि बोर्डावरची एक बाई तर नोकरी सोडून केव्हाच गावी गेलेली. ज्या एकीने तोंड उघडलं तिला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं होतं. हे सगळं पाकीट भरणाऱ्या एकीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

मी दोन दिवस बसून ते पान सुंदर केलं. वकीलबाईंनी ते परत पाठवलं आणि फोनवर मला म्हणाल्या, "काका, इंग्रजी एकदम छान आहे. पण वाचून कोणाचा रागच येत नाही. आम्हाला राग यायला हवाय." त्या चांगल्या स्वरात बोलल्या होत्या. तरी मला ते झोंबलं. माझा मसुदा तोवर कोणी परत केलेला नव्हता. पत्नी शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तिने ओठ दाबून घेतले होते. हसू दाबलं असावं असं मी धरलं.

त्यानंतरच्या एका रविवारी एक बाई आमच्याकडे आली. पस्तिशीची, मानपाड्याला राहणारी. ती पत्नीची जुनी विद्यार्थिनी होती, तिला "बाई" म्हणायची आणि मला "काका". दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. मी बाहेर पेपर घेऊन बसलो होतो. आतून रडण्याचा आवाज आला. जेवून, भांडी घासू नकोस म्हटलं तरी घासून, ती गेली. मी पत्नीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मी सोडलं नाही. माझ्या घरात येऊन बायका रडतात आणि मला कळायला नको का, मी इथे भाडेकरू आहे का, असं रात्रीच्या जेवणापर्यंत चालवलं. शेवटी कंटाळून तिने सांगितलं.

"तुम्ही ते पान सुधारलंत ना, ती साक्ष हिची. नाव बदललंय, गाव बदललंय, कारखान्याचं नाव कुठेच नाही. नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. त्याच अटीवर बोलली ती. हिला तुम्ही पाहिलंच नाही असं समजा."

मी म्हटलं, मी कशाला कोणाला सांगायला जातोय.

"तुम्हाला माइक दिसला की तुम्ही सुटता," ती म्हणाली. "म्हणून सांगतेय."

तिचं बोलणं अगदी खरं होतं. डोंबिवलीत ज्याचा सत्कार झाला नाही असा माणूस शोधावा लागेल आणि त्या सत्कारांतले निम्मे तरी मी पार पाडलेले आहेत. नोकरीत असल्यापासून मी निवेदन करतो. आवाज बरा आहे, चार ओळी पाठ आहेत, पाहुण्यांचं नाव चुकत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या आमच्या संघाचा कार्यक्रम असला की माइक माझ्याकडे, हे ठरलेलं. घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. त्या हॉलमध्ये सगळे ऐकायचे.

पत्नी आणि वकीलबाई त्या वर्षी जिनिव्हाला जाऊन आल्या. पत्नीने तिथे त्या बाईची साक्ष मराठीत वाचली आणि वकीलबाईंनी तिचं इंग्रजी सांगितलं. माझं सुंदर इंग्रजी त्यात नव्हतं. ती परत आली तेव्हा मी विमानतळावर गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो. तो दुखत नव्हता.

आणि मग आमच्या संघालाच उमाळा आला. जे तिला हसत होते त्यांनाच एकदम वाटायला लागलं की आपल्या डोंबिवलीची एक शिक्षिका परदेशात बोलून आली, तिचा सत्कार व्हायला हवा. पत्नी नको म्हणत होती. तिचं म्हणणं, सत्काराने काम होत नाही, नुसते फोटो फिरतात. मी म्हटलं, हॉल ठरलाय, पाहुणे ठरलेत, आता नाही म्हणालीस तर मी तोंड कुठे दाखवू. वकीलबाईंना वाटलं, चार नव्या बायका कामाला मिळाल्या तर मिळतील. म्हणून ती तयार झाली. निवेदन अर्थातच माझं.

एका शाळेचा हॉल होता. गर्दी चांगली झाली. मी वर उभा राहून नजर फिरवली, तसा मी नेहमीच फिरवतो, आणि मागे उजवीकडे खांबाजवळ मला ती बाई दिसली. शेजारी तिची मुलगी, दहावीतली. आपल्या बाईंचा सत्कार आहे एवढ्यासाठी आली होती. त्या गर्दीत जुन्या विद्यार्थिनी पुष्कळ होत्या, तिच्याकडे कोणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. माझं गेलं.

पत्नी चांगली बोलली. मला हे तेव्हाही कळत होतं. मध्येच, सगळे कंटाळतील असं वाटून की काय, तिने एक विनोद केला. म्हणाली, "आमच्या घरातून कुठलाही कागद ह्यांनी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. हा एकच तसाच गेला, म्हणून पोचला." हॉल हसला. कट्ट्याची पहिली रांग तर मांड्यांवर थापा मारून हसली. इंजिनिअर माझ्याकडे बोट दाखवत होते. मीही हसलो, माइक हातात धरून.

तिचं झाल्यावर प्रश्नोत्तरं होती. कट्ट्यावरचेच एक गृहस्थ उठले. त्यांचा जावई त्याच औद्योगिक वसाहतीत कामगार पुरवायचा ठेका घ्यायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, "वहिनी, राग मानू नका, पण अशी कोणी बाई खरंच आहे का? की तिकडे वाचायला बरं म्हणून आपलं लिहिलंय?"

पत्नी शांतपणे म्हणाली, "आहे. पण कोण ते मी सांगणार नाही."

"म्हणजे नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा हसू झालं.

इथे लोक म्हणतात की मी भारावून गेलो. बायकोचा खोटारडी म्हणून अपमान होत होता आणि मला तो सहन झाला नाही, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. मीही पुढे तसंच सांगत आलो. ते तसं झालं नाही. मला सगळं आठवत होतं. टेबल, भाजी, नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही. मला हेही दिसत होतं की तो ठेकेदाराचा सासरा माझ्यासमोर उभा आहे. आणि मला वाटलं, आत्ता एका वाक्यात हा हॉल माझा होईल. हिचा सत्कार आहे, हिचा विनोद आहे, हिची साक्ष आहे. ती खरी ठरवायची तर माझ्यामुळे ठरेल. तिला जे सांगता येत नाही ते मी सांगेन. याला दुसरं काही नाव द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. दुसरं काही जमत नाही.

मी म्हटलं, "बाई आहे. आणि आपलं भाग्य असं, की ती आज इथे आहे." आणि खांबाकडे हात केला. "या पुढे. हा सत्कार खरा तुमचा."

आमच्याकडे नाव पुकारल्यावर जागेवर बसून राहता येत नाही. हॉल टाळ्या वाजवायला लागतो आणि माणूस उठेपर्यंत थांबत नाही. शेजारच्या बायका हाताला धरून उठवतात, अगं जा ना, लाजतेस काय, म्हणून पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतात. त्यात प्रेमच असतं. ती दोनदा मान हलवून नाही म्हणाली. टाळ्या वाढल्या. ती उठली. सगळ्या हॉलमधून चालत पुढे येईपर्यंत तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, पत्नीकडे बघत आली. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मोबाइल वर झाले. खाली तिची मुलगी टाळ्या वाजवत होती. कशासाठी ते तिला अजून पुरतं कळलेलं नव्हतं, पण आईला स्टेजवर पाहून ती खूश झाली होती.

पत्नी खुर्चीवरून वाकून, माइक टाळून, मला म्हणाली, "काय केलंत हे." मग ती त्या बाईशेजारी जाऊन उभी राहिली आणि फोटोसाठी हसली. न हसती तर लोकांच्या लक्षात आलं असतं.

घरी पोचायच्या आत फोटो तीनचार ग्रुपवर फिरला होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, अन्यायाला वाचा फोडणारी रणरागिणी. दुसऱ्या दिवशी तिला कारखान्याच्या गेटवर थांबवलं. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका, आणि वर विचारलं की शाल आणली नाही का. बाकीच्या बायका खाली मान घालून आत गेल्या. हे तिने पत्नीला फोनवर सांगितलं. पत्नीने मला सांगितलं नाही. मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं.

दोन दिवसांनी तिचा नवरा आला. रिक्षा चालवायचा. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. तो दारातच उभा राहिला, चपला काढल्या नाहीत आणि पत्नीशी बोलला.

"बाई, माझ्या बायकोला रोज कोण हात लावतो हे तुम्हाला माहीत. त्या परदेशातल्या लोकांना माहीत. आता अख्ख्या डोंबिवलीला माहीत. फक्त मला माहीत नव्हतं."

पत्नी म्हणाली, तिची काही चूक नाही, तिला त्रास देऊ नका, त्या माणसांना पकडा. तो म्हणाला, "ते मी बघतो कोणाला पकडायचं. आणि ती आता तुमच्याकडे येणार नाही." मग त्याने आत वाकून माझ्याकडे बघितलं. मी सोफ्यावर होतो, हातात पेपर होता. तो म्हणाला, "काका, आवाज चांगला आहे तुमचा," आणि गेला.

त्याने त्या माणसांना पकडलं नाही. त्याने बायकोला घरात बसवलं. सासूने मुलीला कोकणात गावी नेलं, दहावीची परीक्षा तिकडून देईल म्हणून. इथे राहून तीही आईसारखी बोलायला शिकेल, असं सासू चाळीत सांगत फिरली. मंडळाने पुढच्या अहवालासाठी त्याच वसाहतीतल्या आणखी काही बायकांना तयार केलं होतं. त्या सगळ्या मागे गेल्या. एकीने वकीलबाईंना दारातूनच सांगितलं, आम्हाला नको तुमची शाल. वकीलबाईंनी पोलिसांत जाऊया म्हणून निरोप पाठवले, तिच्याकडून उत्तर आलं नाही. झडती, माझ्या माहितीप्रमाणे, चालूच राहिली.

त्या आठवड्यात कोपरीला बैठक झाली आणि मलाही बोलावलं. त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदाच गेलो. सगळ्या सतरंजीवर बसल्या होत्या, मला खुर्ची दिली. वकीलबाईंनी मला काकाबिका न म्हणता विचारलं, साक्ष तिची आहे हे तुम्हाला कसं माहीत? मी तोंड उघडायच्या आत पत्नी म्हणाली, "मी सांगितलं. पण गुप्त ठेवायचं आहे हे सांगायचं राहिलं माझ्याकडून. यांचा दोष नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. निवृत्त नर्स होत्या, त्यांचं तिच्याशी फार जमायचं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं वर्ग सांभाळलास आणि एक बाई सांभाळता आली नाही?" कोणी म्हणालं, घरी जाऊन नवऱ्याला सांगायचंच कशाला. कोणी म्हणालं, आता आपल्याशी कोण बोलेल. मी खुर्चीत बसलो होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं, नाही, हिने सांगितलं होतं, आणि त्यानंतर काय होईल ते एवढं स्पष्ट दिसत होतं की मी पाण्याचा ग्लास उचलला. वकीलबाई शेवटी पत्नीला म्हणाल्या की काही दिवस तुम्ही येऊ नका. पत्नीने किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. तिच्याकडे त्या खोल्यांची एक किल्ली असायची हे मला तेव्हा कळलं.

स्टेशनकडे येताना मी तिला विचारलं, असं का सांगितलंस?

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "लेकीसाठी. बाप असा आहे हे एकदा तिला कळलं की मग ते पुसता येणार नाही."

त्यानंतर आम्ही एकाच घरात राहिलो. ताट वाढलेलं असायचं, औषधं काढून ठेवलेली असायची, लाइटचं बिल भरलं का एवढं विचारलं जायचं. भांडण असं नव्हतं. भांडणात निदान माणूस समोर बघतो. मंडळातून तिला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि तीही गेली नाही. ठाण्याला डॉक्टरकडे जायची वेळ आली तरी ती स्टेशनातून पश्चिमेलाच उतरायची, पुलावरून कोपरीच्या बाजूला मानही वळवायची नाही. मी मात्र निवेदनं करत राहिलो. लोक बोलवायचे, मी जायचो. कट्ट्यावर तो विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणायचं, जाऊ द्या हो, तुम्हाला काय माहीत, आणि मी मान हलवायचो. तो ठेकेदाराचा सासराही हेच म्हणायचा.

एकदा पत्नी ठाण्याला स्टेशनाजवळच्या हॉस्पिटलात असताना मी तिच्या उशाशी बसून म्हटलं, मी वकीलबाईंना खरं सांगून येतो. ती डोळे मिटून होती. म्हणाली, "या की. पूल ओलांडला की पाच मिनिटांवर आहे." मी गेलो नाही. पुढे तिने तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

गेल्या वर्षी ती गेली. सुतकाच्या दिवसांत बरीच माणसं येऊन गेली. शाळेतल्या आल्या, संघाचे आले, वकीलबाईंचा चार ओळींचा मेसेज आला. एका दुपारी, मुलगी बाहेर काही आणायला गेली होती, तेव्हा बेल वाजली. दारात ती होती, मानपाड्याची. केस पांढरे झाले होते, अंगाने वाळली होती. हातात कागदात गुंडाळलेली फुलं. तिने स्वतःच सांगितलं की आता मानपाड्याला राहत नाही, कल्याणला एका पोळीभाजीच्या दुकानात पोळ्या लाटते, एकटी राहते. मुलीचं मी विचारलं. "लग्न केलं त्यांनी तिचं," ती म्हणाली. "मला नंतर सांगितलं." त्यांनी म्हणजे सासरच्यांनी.

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

"मी बाईंसाठी आले," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही." आणि मग फोटोकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणाली, "एक विचारायचं होतं. इतकी वर्षं डोक्यात आहे. सगळे म्हणतात, हे कोणाला सांगू नका असं तुम्हाला सांगायला बाई विसरल्या. मला ते कधी पटलं नाही. चौथीत असताना मी एकदा त्यांना सांगितलं होतं की घरी बाबा मारतात, कोणाला सांगू नका. त्यांनी हेडमास्तरांना पण सांगितलं नव्हतं, स्वतः येऊन बाबांशी बोलल्या होत्या. त्या विसरणाऱ्या नव्हत्या." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. पत्नीला आता काही लागणार नव्हतं, मुलगी घरात नव्हती, ठेकेदार नव्हता, हॉल नव्हता. एवढं सोपं मला कोणी कधी करून दिलं नसेल.

मी म्हटलं, "नाही. तिने तसं काही सांगितलं नव्हतं."

ती "बरं," म्हणाली. हातातली फुलं तिने फोटोपर्यंत नेली नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली, कागदासकट, आणि जिना उतरायला लागली. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. ती खालच्या मजल्याच्या वळणावर पोचली तेव्हा मी तिला हाक मारली. तिने वर बघितलं. मी म्हटलं, "रिक्षा मिळेल ना गं?"

"मिळेल," ती म्हणाली आणि गेली.

कल्याणला तशी पोळीभाजीची दुकानं पुष्कळ आहेत. मी काहींसमोर जाऊन उभा राहिलो आहे, त्यातल्या एकात ती आत दिसलीसुद्धा. तिथून मी चार पोळ्या घेऊन घरी आलो. तिला सांगायचं होतं ते असं: तुझ्या बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला सांगितलं होतं. त्या दिवशी खांबाजवळ तू बसली आहेस हे मी पाहिलं, तुझी अट मला आठवत होती, आणि ती आठवत असतानाच मी तुझ्याकडे हात केला. आणि तू घरी येऊन विचारलंस तेव्हा मेलेल्या बाईवर पुन्हा एकदा ढकललं. मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण त्यांना कर.